मिस्त्रींनी मागितलेलं घर

मी काल्हेरला राहतो. ठाण्याहून जुन्या आग्रा रोडनं निघून कशेळीचा पूल ओलांडला की कशेळी लागतं आणि लगेच काल्हेर. कधीकाळी इथं भातशेती होती, खाडी होती, रेतीबंदर होतं. खाडी अजून आहे. मुंबईत माल न्यायचा तर जकात भरावी लागे, आमच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत ती नव्हती. म्हणून व्यापाऱ्यांनी माल इथं उतरवायला सुरुवात केली आणि शेतांची गोदामं झाली. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली. गोदामं मात्र वाढतच राहिली. आता ऑनलाइन मागवलेल्या पुस्तकांची खोकीही याच पट्ट्यातून देशभर जातात. माझ्यासारख्या कवितेच्या माणसाला याचं थोडं हसू येतं. एवढी पुस्तकं आमच्या दारावरून जातात, पण प्रत्येक खोक्याला चिकटपट्टी असते आणि पत्ता दुसऱ्याचा असतो.

आमच्याकडे चार सुशिक्षित माणसं जमली की एक विषय हटकून निघतो. भिवंडीसारख्या शहराला एक चांगली वास्तू हवी, तिच्यात ग्रंथालय असावं, चित्रांचं आणि वस्तूंचं दालन असावं, शिवाय संगणक आणि यंत्रं हाताळायला मिळतील असं तंत्रज्ञान केंद्र असावं. मग कुणीतरी परदेशातल्या काचेच्या इमारतीचा फोटो मोबाइलवर दाखवतो. कल्पना नवी आहे, बाहेरची आहे आणि आपल्या आवाक्याबाहेरची आहे, असं ठरतं आणि चहा येतो. मला त्यातल्या पहिल्या शब्दाबद्दल बोलायचं आहे. ही कल्पना नवी नाही. मुंबईत ती पावणेदोनशे वर्षांपूर्वी मांडली गेली आणि मांडणारे कुणी शेठ किंवा साहेब नव्हते. ते मिस्त्री लोक होते.

साल १८४७. मुंबईत तेव्हा कापडाची गिरणी नव्हती, रेल्वे नव्हती, विद्यापीठ नव्हतं. पण यंत्रं होती. फोर्टातल्या टांकसाळीत वाफेवर नाणी पडत होती आणि सरकारी गोदीत आगबोटींची इंजिनं दुरुस्त होत होती. गोदी ही वाडिया घराण्याची पिढीजात कर्तबगारी. त्याच घराण्यातले अर्देशीर कर्सेटजी १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले, हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांनी १८३४ मध्ये माझगावच्या आपल्या घरात गॅसचे दिवे लावून लोकांना थक्क केलं होतं. हा माणूस कॉलेजात इंजिनियर झाला नव्हता, गोदीत झाला होता. तेव्हाच्या मुंबईत यंत्राचं ज्ञान हातातून डोक्यात चढत असे, आजच्यासारखं उलट नाही.

तर या टांकसाळीतल्या आणि गोदीतल्या तरुण मेकॅनिकांनी आणि फोरमननी एकत्र येऊन एक संस्था काढली. बॉम्बे मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन असं तिचं नाव. यंत्रांच्या प्रतिकृती आणि इमारतींचे आराखडे यांचं संग्रहालय आणि त्याच्या जोडीला ग्रंथालय, अशी तिची कल्पना होती. म्हणजे बघा, पुस्तक आहे, पाहण्याचं दालन आहे आणि यंत्र आहे. त्या तीन गोष्टी त्यांना वेगळ्या वाटल्याच नाहीत. ज्यानं दिवसभर झडप बसवली, त्याला संध्याकाळी त्या झडपेचं चित्र पाहायचं होतं, प्रतिकृती फिरवून बघायची होती आणि ती तशी का बसते ते पुस्तकात शोधायचं होतं.

अशा संस्था विलायतेत आधीपासून होत्या. ग्लासगोत जॉर्ज बर्कबेक नावाच्या प्राध्यापकाला १८००च्या सुमारास प्रयोगासाठी उपकरणं करून हवी होती. ती करणाऱ्या कारागिरांचं कुतूहल पाहून त्यानं त्यांच्यासाठी व्याख्यानं सुरू केली. पुढे १८२३ मध्ये लंडनची मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि ती लाट इंग्लंड-अमेरिकेत गावोगाव पसरली. मुंबईची संस्था त्याच कुळातली.

संस्थेला स्वतःची जागा हवी होती. इथं डेव्हिड ससून येतात. बगदादचे हे यहुदी व्यापारी १८३२ मध्ये मुंबईत आले आणि अफू, कापूस, कापड यांच्या व्यापारात गडगंज झाले. वास्तूची कल्पना त्यांचे चिरंजीव अल्बर्ट यांची, असं सांगतात. वडिलांनी साठ हजार रुपये दिले, उरलेला खर्च मुंबई सरकारनं उचलला. एकूण खर्च सव्वा लाख. मालाडच्या पिवळसर दगडाची, टोकदार कमानींची ती इमारत १८७० मध्ये पूर्ण झाली. दाता ती पाहायला उरला नव्हता, ससून १८६४ मध्ये वारले. काळाघोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीच्या समोर आजही ती उभी आहे. आत शिरल्यावर डेव्हिड ससूनचा पांढरा पुतळा आहे, अरबी झग्यातला. मला तो पुतळा नेहमी जरा एकटा वाटतो. त्याचं कारण सांगतो. १८५३ मध्ये त्यांना ब्रिटिश प्रजाजन करून घेण्यात आलं, तेव्हा त्यांनी सही हिब्रूत केली होती. त्यांना इंग्रजी लिहिता येत नव्हतं. अरबी, हिब्रू, तुर्की, फारसी, हिंदुस्थानी या त्यांच्या भाषा. आणि त्यांच्या पैशानं उभं राहिलेलं ग्रंथालय मुंबईतल्या इंग्रजी वाचणाऱ्यांचं आवडतं ठिकाण झालं.

नावं वाचत गेलं तर संस्थेचा इतिहास कळतो. आधी बॉम्बे मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन, मग ससून मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट आणि आता डेव्हिड ससून लायब्ररी अँड रीडिंग रूम. दाता नावात आला आणि राहिला. मेकॅनिक नावातून गेला. त्याच्याबरोबर यंत्रांच्या प्रतिकृती मागे पडल्या, वाचनाची खोली उरली. ती खोली सुंदर आहे, याबद्दल वाद नाही. वरच्या सज्जात लांब हातांच्या आरामखुर्च्या आहेत, मागे मुंबईत दुर्मीळ अशी बाग आहे. अलीकडे, २०२३ मध्ये, तिचा जीर्णोद्धार झाला तोही देखणा झाला. मी त्या सज्जात बसलो आहे, खालच्या रस्त्याचा आवाज ऐकत कवितेच्या ओळी खोडल्या आहेत. तरी तिथून उठताना मनात येतं, की टांकसाळीतला तो फोरमन आज तेलकट हातांनी आला तर कुठल्या खुर्चीवर बसेल?

हे एकट्या ससून लायब्ररीचं झालं असं नाही. पुढच्या पन्नासेक वर्षांत मुंबईत त्या एका घराची तीन घरं झाली. पाहण्याचं दालन भायखळ्याला गेलं. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनानंतर आणि १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनाच्या तयारीतून मुंबईत कच्चा माल आणि कारागिरीचे नमुने गोळा झाले होते. त्यांचं संग्रहालय फोर्टातल्या एका बराकीत मांडलं गेलं. १८५७ च्या धामधुमीत सैन्याला बराक हवी झाली, वस्तू घाईनं हलवल्या गेल्या आणि बऱ्याचशांची नासधूस झाली. मग जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी लाड, नाना शंकरशेट यांनी ते पुन्हा उभं करायचं मनावर घेतलं. १८६२ मध्ये पायाभरणी झाली, १८६५ मध्ये कापसाच्या सट्ट्याचा फुगा फुटला आणि पैसा आटला, अखेर २ मे १८७२ रोजी राणीच्या बागेतलं ते संग्रहालय उघडलं. १९७५ पासून त्याला डॉ. भाऊ दाजींचं नाव आहे. यंत्राचं शिक्षण गेलं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटकडे, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयकडे, १८८७ मध्ये. तीही आधी भायखळ्याला होती, १९२३ मध्ये माटुंग्याला गेली. पुस्तक काळ्याघोड्याला राहिलं. तिन्ही संस्था आपापल्या जागी मोठ्या झाल्या. पण पुस्तक वाचायला एक वर्ग जाऊ लागला, चित्रं-मूर्ती बघायला दुसरा आणि यंत्र शिकायला तिसरा. गिरणीतला कामगार सुट्टीच्या दिवशी बायकामुलांना घेऊन राणीच्या बागेत गेला, माकडं बघितली, अजबखाना बघितला. लायब्ररीच्या पायऱ्या तो चढला नाही. त्याला कुणी अडवलं नव्हतं, पण बोलावलंही नव्हतं.

पुण्यातही १८८८ मध्ये औद्योगिक प्रदर्शन भरलं आणि १८९० मध्ये लॉर्ड रे यांच्या नावानं औद्योगिक संग्रहालय निघालं. आज ते महात्मा फुले संग्रहालय आहे. त्याच साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं तिथं औद्योगिक परिषदही भरली. पण तो वेगळा विषय आहे. ज्या माणसानं या तीन गोष्टी मुद्दाम एकत्र बांधल्या त्याच्याकडे मला जायचं आहे.

हा माणूस मालेगावजवळच्या कवळाणे गावचा. आम्ही भिवंडीकर मालेगावला यंत्रमागामुळे भाऊ मानतो, त्यामुळे कवळाण्याचं नाव निघालं की मलाही थोडी आपुलकी वाटते. गोपाळ नावाचा हा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ मध्ये वयाच्या बाराव्या वर्षी बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि महाराजा सयाजीराव गायकवाड झाला. अक्षरओळख बडोद्यात झाली, त्यामुळे अक्षराची किंमत त्याला पाठ होती. १८८१ च्या अखेरीस राज्याचे पूर्ण अधिकार हाती आल्यावर त्यांनी जे उभं केलं, त्याचा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. १८९० मध्ये कलाभवन. १८९४ मध्ये संग्रहालयाची इमारत. १९०६ मध्ये साऱ्या राज्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण. १९१० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय. आणि संग्रहालयाला लागूनच चित्रदालन. त्याची इमारत १९१४ मध्ये झाली, पण युरोपात घेतलेली चित्रं महायुद्धामुळे अडकून पडली आणि दालन १९२१ मध्ये उघडलं. मुंबईत हातानं काम करणारा मागे पडला, बडोद्यात पहिला मान त्याला मिळाला.

कलाभवन म्हणजे नावावरून वाटतं तसं फक्त चित्रांचं नव्हे. रंगकाम, छपाई, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम, चित्रकला, बांधकाम हे सगळं तिथं एका आवारात शिकवत. त्याची उभारणी प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी केली. गज्जर सुरतचे, सुतारकाम हा त्यांच्या जातीचा पिढीजात धंदा, आणि ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक झालेले. मराठी वाचकाला त्यांची एक गंमत सांगायला हवी. मुंबईत राणीच्या संगमरवरी पुतळ्याला चापेकर बंधूंनी डांबर फासलं होतं ना, ते डांबर शेवटी उतरवून दिलं याच गज्जरांनी. ते काम दुसऱ्या कुणाला जमलं नव्हतं. राष्ट्रभक्तीच्या बाजूनं पाहिलं तर चापेकर मोठे, रसायनाच्या बाजूनं गज्जर! दोघांनाही दाद द्यावी लागते.

गज्जरांचा आग्रह एकच होता. कारागिराच्या मुलाला त्याच्या भाषेत शिकवा. रंगाऱ्याच्या मुलानं आधी चार वर्षं इंग्रजी शिकायचं आणि मग रंग शिकायचा, हा त्यांना वेळेचा आणि बुद्धीचा अपव्यय वाटे. म्हणून कलाभवनात गुजरातीतून शिकवत आणि त्यासाठी देशी भाषांतून तांत्रिक पुस्तकं तयार करायचा घाट घातला गेला. त्या आवारातून कोण बाहेर पडलं? जे. जे. स्कूलमधून चित्रकला शिकून आलेला त्र्यंबकेश्वरचा एक तरुण १८९० च्या सुमारास तिथं आला. तिथं त्यानं चित्र, शिल्प, फोटो आणि यंत्र सगळंच हाताळलं आणि पुढे १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. दादासाहेब फाळके. चित्रकार, सुतार, रसायनवाला आणि यंत्रवाला एका आवारात फिरत असतील, तर त्यातून सिनेमा निघतो. वेगवेगळ्या इमारतींत बसवले तर बहुधा चार चांगले पदवीधर निघतात.

आता ग्रंथालय. सयाजीराव अमेरिकेत गेले तेव्हा तिथली मोफत सार्वजनिक ग्रंथालयं पाहून आले आणि १९१० मध्ये विल्यम अलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला त्यांनी बडोद्याला बोलावलं. बॉर्डन कुठून आले ते पाहा. न्यू हेवन गावच्या यंग मेन्स इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयातून. ती संस्था १८२६ मध्ये निघाली ती शिकाऊ कारागिरांचं वाचनमंडळ म्हणून. म्हणजे मुंबईच्या मिस्त्रींची चुलत भावकीच. जी गोष्ट काळ्याघोड्याला पातळ होत गेली, ती अशी दूरच्या वाटेनं बडोद्यात परत आली. मला वाटतं बॉर्डनना निवडताना कुणी हा विचार केला नसेल, पण इतिहासाला असे योगायोग साधतात.

बॉर्डन तीनच वर्षं राहिले. पुढचं काम जनार्दन सखाराम कुडाळकरांसारख्या इथल्या माणसांनी केलं. महाराजांनी स्वतःच्या संग्रहातली हजारो पुस्तकं दिली. पण पुस्तकं देणारे राजे पुष्कळ होते. बडोद्याची करामत पुढे आहे. खेड्यात ग्रंथालय हवं असेल तर गावकऱ्यांनी वर्गणीचा तिसरा हिस्सा उभा करायचा, तिसरा हिस्सा स्थानिक पंचायत देणार आणि तिसरा सरकार. गावानं काहीच दिलं नाही तर सरकारही काही देत नसे. भीक नाही आणि जबरदस्तीही नाही. जिथं ग्रंथालय नाही तिथं कुलपाच्या लाकडी पेट्यांतून पुस्तकं जात, वाहतुकीचा खर्च सरकारचा. आणि वाचताच येत नसेल त्याचं काय? त्याच्यासाठी ग्रंथालय खात्यातच एक वेगळी शाखा होती. जादूचा कंदील, चित्रपट्ट्या, दुर्बिणीसारख्या यंत्रात घालून बघायचे फोटो घेऊन त्या शाखेची माणसं गावोगाव फिरत. बायकांसाठी वेगळा विभाग, मुलांसाठी वेगळा. बडोद्याच्या ग्रंथालयाच्या इमारतीत लोखंडी मांडण्यांच्या मध्ये काचेची जमीन आहे, वरचा उजेड खालच्या मजल्यावर झिरपतो. अशी जमीन नुसती भव्यता दाखवायला कुणी घालत नाही.

बडोद्याच्या मागे राजा होता, त्याचा खजिना होता, हे खरं. आमच्याकडे राजा नाही. नगरपालिका आहे आणि तीही जुनी, १८६४ ची. २००१ च्या डिसेंबरपासून ती महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७ लाख ९ हजारांवर होती. शेजारच्या ठाण्यात १८९३ मध्ये विनायक लक्ष्मण भाव्यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय काढलं, त्याच्या मागेही राजा नव्हता. कोल्हापूर संस्थाननं १९४५ मध्ये देशातला पहिला ग्रंथालय कायदा केला, महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्यामुळे कायदा आणि अनुदान यांचा रस्ता आहे, खड्ड्यांसकट का होईना.

आमच्या गावाला राजा नसला तरी कारागीर आहेत. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या विणकरांनी इथं हातमाग रोवले, पुढे विजेचे माग आले. तेलंगणाकडून पद्मशाली आले, त्यांची वस्ती पद्मानगरात. माझ्या घरात मराठी, दारात उर्दू, गल्लीत भोजपुरी आणि पलीकडे तेलुगू. माझी अम्मी घरी कांड्या भरायची. एका कांडीत किती सूत बसलं ते ती बोटानं दाबून सांगे. आमच्या गल्लीतला जॉबर मागाचा आवाज ऐकून सांगायचा की धोटा कुठे अडतोय. कारखान्यात खटखटीमुळे बोलणं ऐकू येत नाही, म्हणून कारीगर लांबून हातवाऱ्यांनी बोलतात. सूत तुटलं, भीम संपली, मेहता आला, चहा आला, प्रत्येकाची खूण वेगळी. या खुणांची भाषा कुठल्याही पुस्तकात मी पाहिलेली नाही. आणि आता बिनधोट्याचे माग येत आहेत, जुने साधे माग भंगारात किलोवर विकले जात आहेत. लोखंड वितळेल तशी ती भाषाही जाईल.

तंत्रज्ञान केंद्र म्हटलं की आमच्याकडे लोकांच्या डोळ्यांसमोर संगणक येतो आणि माग मागासलेला वाटतो. त्यांना सांगावंसं वाटतं, बाबांनो, संगणकाचा आजा मागच आहे. फ्रान्सच्या जॅकार्डनं १८०४ मध्ये भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांनी मागाला नक्षी सांगायची युक्ती काढली. भोक असेल तर दोरा उचल, नसेल तर राहू दे. इंग्लंडच्या बॅबेजनं गणित करणाऱ्या यंत्रासाठी तीच युक्ती उचलली. त्याच्याकडे जॅकार्डचं रेशमात विणलेलं एक चित्र होतं, ते विणायला सुमारे २४ हजार पुठ्ठे लागले होते. लोक त्याला कोरीव छपाई समजत. आमच्याकडे ज्याला जॅकार्ड चालवता येतो त्याला ही गोष्ट सांगून बघा, त्याची छाती फुगते. मग त्याला पुठ्ठ्याकडून पडद्याकडे जायला फार वेळ लागणार नाही.

जपानमध्ये सेंदाई नावाच्या शहरात २००१ पासून एक वास्तू आहे, मीडियाटेक म्हणतात तिला. ग्रंथालय, कलादालन आणि चित्रफिती करायची दालनं एका छपराखाली. मोबाइलवर दाखवतात ती काचेची इमारत बऱ्याचदा हीच असते. पण इमारतीपेक्षा तिच्यात काय घडलं ते सांगण्याजोगं आहे. ११ मार्च २०११ रोजी तिथं प्रचंड भूकंप आणि त्सुनामी झाली. इमारत टिकली. दोन महिन्यांच्या आत तिथं एक केंद्र उघडलं, ते दिवस विसरले जाऊ नयेत म्हणून. साध्या नागरिकांना कॅमेरे आणि मदत दिली आणि त्यांनीच आपल्या शहराची नोंद केली. पुस्तक, चित्र आणि यंत्र एकत्र आल्यावर काय करायचं, याचं हे एक उत्तर झालं. आमच्या जॉबरचं बोलणं, कारीगरांच्या खुणा, कांडी भरणाऱ्या बायकांची बोटं यांची नोंद याच रीतीनं होऊ शकते, आणि ती नोंदणाऱ्या पोरांना कॅमेरा, ध्वनिमुद्रण आणि संगणक तिथंच शिकता येईल.

भिवंडीत आधी कुणाला विचारायचं, याचाही एक धडा आमच्याकडेच आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी शहराचं नाव खराब झालं. पुढे १९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी गल्ल्यागल्ल्यांत मोहल्ला कमिट्या केल्या, दोन्हीकडची साधी माणसं पोलिसांसमवेत एका सतरंजीवर बसवली, नळापासून गटारापर्यंतच्या गोष्टी बोलायला लावल्या. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्या कमिट्यांना इमारत नव्हती. कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या कारखान्यात बैठका होत. म्हणून माझं म्हणणं असं, की वास्तुविशारदाच्या आधी एक वर्ष सतरंजी फिरू द्यावी. बिसीत, म्हणजे जिथं एकटे कारीगर महिन्याच्या हिशेबानं जेवतात तिथं, पेटीतून पुस्तकं जाऊ द्यावीत, बडोद्यासारखी. उर्दू, मराठी, हिंदी, तेलुगू. कुठली पुस्तकं मळून परत येतात ते पाहावं. मळलेली यादी हाच पहिला आराखडा.

आणि सर्वांत आधी वेळ ठरवावी. आमच्याकडे पाळी बारा तासांची असते, सकाळी आठ ते रात्री आठ किंवा उलट. अकरा ते सहा उघडं राहणारं कुठलंही भवन कारीगरासाठी बंदच असतं. ते रात्री नऊनंतर आणि सकाळी आठनंतर उघडं हवं, दाराशी हात धुवायला नळ आणि साबण हवा. रविवारी बंद ठेवलं तरी चालेल. बहुतेक कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी असते, तेव्हा शुक्रवारी दुपारी नमाज झाल्यावर ते उघडं असायला हवं.